गोजराबाईंना गाडी लागली

“तुमचा इस्वास बसायचा न्हाई, मॅडम. आधीच सांगून ठेवतो. आजवर ज्यानं ज्यानं आईकलं, त्यो मधनंच उटून गेला,” हैबतराव म्हणाले आणि त्यांनी आपली प्लॅस्टिकची खुर्ची अशा बेतानं पुढे ओढली की समोरच्याला उठून जायचंच झालं तर त्यांच्या गुडघ्यांवरून जावं लागेल.

समोर बसली होती विमा कंपनीची चौकशी अधिकारी, सुलक्षणा. पुण्याहून स्कूटरवर निघून, पौडमध्ये एकदा पत्ता विचारून आणि माले गावात दोनदा विचारून ती हैबतरावांच्या ओट्यावर पोचली होती. तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडून तिनं मांडीवर ठेवला होता. दोघांच्या मधल्या स्टुलावर पाण्याचा तांब्या होता आणि तांब्याला टेकवून तिनं आपला मोबाइल उभा केला होता. मोबाइलमध्ये होता हैबतरावांचा मुलगा, शेखर. जर्मनीत अजून उजाडायचं होतं. त्याच्या मागच्या खिडकीत नुसता काळोख दिसत होता.

“सांगा की, काका,” सुलक्षणा म्हणाली. “मी उठून जायला आलेले नाही. फक्त कंपनीचा नियम आहे, तुमचं ऐकायच्या आधी तुम्हाला एक रेकॉर्डिंग ऐकवायचं. थांबा हं, लॅपटॉप जरा मंद आहे.”

हैबतराव थांबले. थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

‘इस्वास बसायचा न्हाई’ हे त्यांचं वाक्य मालेत सगळ्यांच्या ओळखीचं. याच वाक्यानं सुरुवात करून त्यांनी एकदा बिबट्याला सायकलच्या कॅरियरवर बसवून ताम्हिणीपर्यंत नेलं होतं, आणि उताराला बिबट्या घाबरायला लागला म्हणून पुढे दोघं चालत गेले होते. याच वाक्यानं त्यांनी धरणात एक मासा धरला होता. पाण्याखाली गेलेल्या गावातल्या देवळाची घंटा त्या माशाच्या पोटात होती आणि तव्यावर उलटला की मासा वाजायचा. पोरं विचारायची, “आप्पा, मग घंटा कुटंय?” आप्पा शांतपणे सांगायचे, “परत सोडली. सांजंची आरती हुती.” लोक हसायचे, तंबाखू पुढे करायचे. त्या खोट्यानं कुणाचं काही गेलं नव्हतं. बिबट्यानंसुद्धा कधी तक्रार केली नव्हती.

आजचं खोटं त्या जातीचं नव्हतं, आणि हे हैबतरावांना पक्कं ठाऊक होतं.

खरं काय घडलं ते सांगायला चार वाक्यं पुरली असती. शेखरला मुलगा झाला. सुनेची आई जाऊन बाळंतपण उरकून आली आणि मग शेखरच्या आईची, गोजराबाईंची पाळी आली. शेखरनं स्वतःच्या क्रेडिट कार्डावर आईवडिलांची तिकिटं काढली. पौडच्या कुशाबाची गाडी ठरली, डिंकाचे लाडू नि बाळाची दुपटी बॅगांत कोंबली, आणि दोघं मुंबईच्या विमानतळाकडे निघाले. कुशाबानं टोल वाचवायला गाडी जुन्या रस्त्यानं घातली. घाट सुरू झाला तशी गोजराबाईंना गाडी लागली.

म्हणजे लागते तशीच लागली, पण लई लागली. प्रत्येक वळणाला थांबायचं, बाईंनी उतरायचं, कठड्याला धरून वाकायचं. शेवटी खोपोलीच्या अलीकडे रस्त्याकडेच्या झाडाखाली त्या पदर तोंडावर घेऊन आडव्या झाल्या त्या उठेनात. “तुमी जावा फुडं,” म्हणाल्या. “मी हितंच मरते.” हैबतराव एकटे कुठे जाणार? कसंबसं विमानतळावर पोचले तेव्हा काउंटर बंद झालं होतं, आणि एक गणवेशातला पोरगा दोघांकडे बघून मान हलवत राहिला.

परतीच्या वाटेवर गोजराबाई म्हणाल्या, “गर्दी हुती म्हनून सांगा पोराला. त्याची सासू दोन दोन इमानं बदलून गेली नि मला खोपोली वलांडता आली न्हाई. सून काय म्हनंल?” घरात खोटं बोलायचं काम निघालं की त्या ते नवऱ्याकडे द्यायच्या. स्वतःला कधी जमलं नाही. गर्दीचं खोटं हैबतरावांनी सांगितलं, तेसुद्धा मनाविरुद्ध, कारण त्यात रंग नव्हता.

शेखर म्हणाला, हरकत नाही, त्या कार्डावर प्रवासाचा विमा फुकट असतो. विमानतळाच्या वाटेवर रस्ता अडला, गाडी बंद पडली, अपघात झाला, तर चुकलेल्या विमानाची भरपाई मिळते. त्यानं अर्ज टाकला. काही दिवसांनी कंपनीचा खात्री करायला फोन आला. हैबतराव गोठ्यात होते. फोन गोजराबाईंनी उचलला.

त्यांचं हिंदी टीव्हीवरच्या मालिकांतलं आणि वरच्या फार्महाउसच्या बांधकामावर आलेल्या मजुरांकडून उचललेलं. पलीकडून कुणीतरी अदबीनं विचारलं, “माताजी, फ्लाइट क्यों छूटी?” आता कचेरीतल्या माणसाशी खोटं कसं बोलायचं? नवरा तर जवळ नाही. त्यांनी खरं तेच सांगितलं.

“मेरेको गाडी लगी.”

पलीकडचा माणूस घाबरला. कुठल्या मुलखातला होता कुणास ठाऊक, पण गाडी माणसाला पोटातूनही लागू शकते हे त्याच्या गावी नव्हतं. त्यानं लिहून घेतलं की प्रवासी महिलेला वाहनानं धडक दिली. आणि पुढे पोलिसांचा पंचनामा नि दवाखान्याचे कागद मागितले.

त्या संध्याकाळी गोजराबाई गोठ्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “आवो, त्यो इचारतोय हाड मोडलं का. उलटीनं हाड मोडतं व्हय?”

दोघं इतके हसले की दावणीची म्हैस मान वर करून बघायला लागली. हसून झालं आणि विषय तिथंच राहिला. कंपनीला परत फोन करून कुणी काही सुधारलं नाही.

पुन्हा तिकिटं काढू म्हणता म्हणता थंडी पडली. आणि पौषात एका पहाटे गोजराबाई चुलीपाशी दिसल्या नाहीत म्हणून हैबतराव आत बघायला गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. झोपेतच. शेखर एकटाच आला, दिवस केले, परत गेला. नातवानं आजीला पाहिलं ते मोबाइलवर, तेही बहुतेक कपाळच, कारण फोन कसा धरायचा ते गोजराबाईंना अखेरपर्यंत कळलं नव्हतं.

आता शेखरच्या फोनचं असं होतं की तो गेली कित्येक वर्षं दोन शब्दांत बापाशी बोलून घ्यायचा. “आप्पा, बरं ना? आईकडे द्या.” बस. मग आत स्वयंपाकघरात तासभर हसणं, रागावणं, भाजीला किती पाणी घालायचं ते. हैबतराव बाहेर ओट्यावर बसून ऐकायचे. गोजराबाई गेल्यावर ‘आईकडे द्या’ म्हणायची सोय राहिली नाही.

“जेवलात?”

“व्हय.”

“बरं मग.”

“बरं.”

असे दोनतीन फोन झाले, मग त्यांच्यातलं अंतर वाढत गेलं. बिबट्याला कॅरियरवर बसवणाऱ्या माणसाला पोटच्या पोराशी बोलायला एक विषय सापडेना. त्यांनी एकदा त्या वाजणाऱ्या माशाची गोष्ट काढून बघितली. शेखर म्हणाला, “आप्पा, मीटिंग आहे.”

आणि मग कंपनीचा निकाल आला. कुशाबाला विचारलं, तो म्हणाला अपघात झालाच नाही. पंचनामा नाही, दवाखाना नाही. सबब भरपाई नामंजूर, प्रवासी महिलेनं खोटी माहिती दिली.

त्या रविवारी शेखरचा फोन आला तो भडकलेला. “पैसे गेले खड्ड्यात, आप्पा. पण माझी आई खोटं बोलली असं लिहितात? आईनं आयुष्यात…” आणि लगेच त्यानं विचारलं, “पण मग ती तसं का म्हणाली? तिला खरंच गाडीनं ठोकलं होतं का? तुम्ही तर गर्दी होती म्हणालात.”

हैबतरावांनी खरं सांगायला तोंड उघडलं. उलटी झाली होती, त्या माणसाला मराठी कळलं नाही. एवढंच सांगायचं होतं. शेखर ‘अरे देवा’ म्हणणार, हसणार किंवा रडणार, आणि ‘बरं मग’ म्हणून फोन ठेवणार. ते ‘बरं मग’ हैबतरावांना आधीच ऐकू आलं.

“व्हय,” ते म्हणाले. “ठोकलं हुतं. तुला सांगू नको म्हनली, काळजी करशील म्हनून.”

दुखणं लपवायची गोजराबाईंची सवय शेखरला माहीत होती. त्याला पटलं. त्या दिवशी तो खूप वेळ बोलला. आणि पुढच्या रविवारीही. कंपनीला पुन्हा लिहिलं, तिनं पुन्हा नाकारलं, यानं वर तक्रार केली. दर रविवारी शेखर विचारायचा, आणखी काही आठवतं का? हैबतरावांना आठवायचं. कुशाबा नाही म्हणतो कारण त्याला परमिटची भीती, हे त्यांना एका रविवारी आठवलं. ठोकणारी गाडी थांबली नाही, हे दुसऱ्या. बोलता बोलता शेखर मुलाचं सांगायचा, दात आला, बसायला लागला. एकदा तर त्यानं विचारलं, “आप्पा, भाकरी कोण करतं तुमची?”

मग एका रविवारी तो म्हणाला, “त्या माराचंच पुढं काही झालं नसेल ना? आतल्या आत? माझ्याकडे यायला निघाली आणि…”

इथं तरी नाही म्हणायचं. देवाच्या नावानं नाही म्हणायचं. नाही म्हणावं तर का नाही, हे सांगावं लागणार, आणि सांगायला गेलं की सगळा डोलारा कोसळणार. “डाक्तरला तरी काय कळतंय, बाळा,” हैबतराव म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी भिंतीवरच्या गोजराबाईंच्या फोटोकडे बघणं सोडलं. हार बदलायचा झाला तरी ते खिळ्याकडे बघून बदलत. पण पुढच्या रविवारी फोन वाजला तेव्हा तो त्यांनी पहिल्याच घंटेला उचलला.

आणि आता ही पोरगी आली होती. तिला खरं सांगितलं तर ती एक ओळ लिहील, गोजराबाईंवरचा ठपका पुसला जाईल आणि प्रकरण मिटेल. त्याबरोबर रविवारही मिटतील. नाही सांगितलं तर प्रकरण आणखी वर जाईल, शेखर आणखी भांडेल, आणि गोजराबाई कंपनीच्या दप्तरात खोटारड्या राहतील. जन्मभर खोटं ज्यानं बोलायचं तो बाहेर, आणि ठपका तिच्यावर.

“मिळालं,” सुलक्षणा म्हणाली. “काका, ही फाइल इतक्या हातांतून फिरली, पण हे रेकॉर्डिंग मराठी माणसानं ऐकलंच नव्हतं. मी बार्शीची. परवा ऐकलं नि म्हटलं, स्वतः जाऊन यावं. शेखरसर, तुम्हाला ऐकू येईल ना?”

“हो,” मोबाइलमधून शेखर म्हणाला.

तिनं लॅपटॉप ओट्याच्या कडेला सरकवला. आधी खरखर, मग कुकरची शिट्टी. मग कोंबडं. मग त्यांच्याच स्वयंपाकघरातून, त्यांच्याच घरात, गोजराबाईंचा आवाज आला. परक्या माणसाशी बोलताना चढायचा तसा थोडा चढलेला.

“मेरेको गाडी लगी. भौत लगी, भाऊ. रस्ते के बाजू में पडी थी मैं. मेरेकू लगा अब गयी.”

आणि पलीकडचा माणूस काहीतरी विचारत होता, त्यावर गोजराबाई, “नय नय, अब ठीक है. तुमने खाना खाया क्या?”

रेकॉर्डिंग संपलं. रस्त्यावरून धरणाकडे जाणाऱ्या सहलीच्या गाड्यांतलं गाणं आलं आणि गेलं. हैबतराव तांब्याकडे बघत होते. तांब्यावर त्यांचं तोंड वाकडं होऊन दिसत होतं.

“परत लावा,” शेखर म्हणाला.

तिनं परत लावलं. कुकर, कोंबडं, आवाज. खाना खाया क्या. या खेपेला शेखर स्क्रीनच्या अगदी जवळ आला होता. त्याचे नुसते डोळेच दिसत होते, आणि ते गोजराबाईंचे होते.

“काका,” सुलक्षणा हळू बोलली, “आमच्या बार्शीकडं ‘गाडी लागली’ म्हटलं की एकच अर्थ होतो. आमची आजी तर लिंबू नाकाशी धरल्याशिवाय रिक्षातसुद्धा बसत नाही. तुम्ही म्हणता अपघात. तुम्ही तिथं होता, मी नव्हते. तेव्हा तुम्ही सांगा. काय झालं होतं?”

दार सताड उघडून दिलं होतं पोरीनं. हैबतरावांना ते दिसलं. त्यांनी मोबाइलकडे बघितलं. शेखर थांबला होता. बापाचं ऐकायला इतका वेळ तो आयुष्यात कधी थांबला नव्हता.

“इस्वास बसायचा न्हाई,” हैबतराव पुन्हा म्हणाले, आणि निघाले.

“आमी च्या प्यायला थांबलो. घाटाच्या मधोमध. गोजरा उतरली पाय मोकळं करायला. तेवढ्यात वरनं आला टँकर. कसला म्हनाल, तर दुधाचा. बिरेक फेल. डायवर खिडकीतनं दोनी हात जोडतुया, सरका म्हनून. म्हंजे स्टेरिंगवर हातच न्हाई. म्या वरडलो. पर ही बाई, मॅडम, जन्मात कुनासाटी सरकली न्हाई, ती टँकरसाटी काय सरकणार? आरशात तिचा पदर आडकला. पदर सुटंना, टँकर थांबंना. भवऱ्यावानी फिरली. फिरत फिरत रस्त्याच्या कडंला जाऊन पडली, आन् टँकर कटड्याला धडकून आडवा. सगळा घाट दुधानं पांढरा झाला. खालच्या वाडीतली मांजरं घाट चढून वर आली. मी सांगतो, एका मांजराच्या गळ्यात घुंगरू हुतं, त्ये आधी ऐकू आलं, मांजार मागनं.”

मांजरांना कुणी हसलं नाही. चावडीवर अशा जागी हसू हमखास यायचं, तंबाखूची चंची पुढे यायची. सुलक्षणाच्या हातातलं पेन कागदावर टेकलेलं होतं, पण चालत नव्हतं. तिनं खाली बघितलं. म्हाताऱ्या माणसाची पिशवी रस्त्यात फाटली की लोक बघतात तसं, म्हणजे न बघता.

“मग?” शेखरनं विचारलं.

त्याचा आवाज अगदी साधा होता. हैबतरावांना हुरूप आला.

“मग काय. पोटाला मार. मुका मार. वरनं काय दिसंना, पर आत…”

बोलता बोलता त्यांची नजर मोबाइलवर गेली. शेखरनं डोळे मिटले होते. मिटलेल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी वाहत होतं आणि तो पुसत नव्हता. इतक्या रविवारी फोनवर हैबतरावांना फक्त आवाज ऐकू यायचा. आपण सांगतो ते पोराच्या तोंडावर कसं उमटतं, हे ते आज पहिल्यांदा बघत होते. तिथंच थांबायला हवं होतं. पण थांबणं त्यांना येत नव्हतं. सांगणं येत होतं. पोराला बरं वाटावं, आई वाटेत तळमळली असं त्याच्या मनात राहू नये, म्हणून त्यांनी गोष्ट वळवली.

“पर आईक, शेखर. तुजी आई घाबरली न्हाई बरं. जरा बी न्हाई. लगीच उटून बसली. मलाच म्हनली, आवो, तोंड कशापायी वाकडं करताय, मला काय धाड भरलीय? तितं एक वडेवाला हुता. त्यो बिचारा घाबरून कढई सोडून आला पळत. त्याला म्हनली, तुजं वडं जळतील बाबा, जा. मग त्यानं गरम वडा आनून दिला. त्यो खाल्ला तिनं. वर च्या घेतला. आन् साडी झटकली नि म्हनली, चला, नातू वाट बघतुया. हसत हसत बसली गाडीत. लई खुशीत हुती, बाळा. अक्षी लई खुशीत.”

मग शेखरनं डोळे उघडले.

“आईनं वडा खाल्ला?”

“खाल्ला की. गरम हुता.”

“घाटात? गाडीनं जाताना?”

“व्हय. वर तळलेली मिर्ची पन…”

“आप्पा,” शेखर म्हणाला, “खोटं बोलताय तुम्ही. आई कुणाच्या लग्नाला जायची तर आदल्या रात्रीपासून उपाशी असायची. पौडच्या एसटीत बसली तरी पाण्याचा घोट तोंडात घ्यायची नाही. मी मांडीवर असायचो तिच्या, मला माहितेय. ती घाटात वडा खाणार? मॅडम, लिहून घ्या. टँकर नव्हता, दूध नव्हतं, कुणी कुणाला ठोकलं नाही. माझ्या आईला गाडी लागली होती. अर्ज मी मागं घेतो, फाइल बंद करा. फक्त ती खोटं बोलली एवढं त्यातून काढा. खोटं ती नव्हती बोलत.”